बर्फवाल्याचा शनिवार

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं मुंबईत बर्फ बनवला. गोदीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात ते मजूर म्हणून लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. मिठाच्या पाण्यात डबे सोडायचे, लाद्या बाहेर काढायच्या, भुसा लावून तरटात गुंडाळायच्या आणि कोळणींच्या गाड्या भरून द्यायच्या. अशा माणसाला म्हातारपणी एकच हौस उरली होती. कुणीही न बनवलेला बर्फ एकदा बघायचा, आणि जमलं तर त्याला हात लावायचा.

हे मला बायकोकडून कळलं होतं, कारण सासरे माझ्याशी बोलत नव्हते. खरं म्हणजे तिच्याशीही बोलत नव्हते. ती मुंबईच्या हॉस्पिटलात नर्स होती, मी तिथेच शिकाऊ डॉक्टर. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, मी पुण्याचा, सोवळ्याओवळ्याच्या घरातला. आम्ही लग्न करणार असल्याचं दोघांनी मिळून त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावर टोपी घातली आणि बाहेर निघून गेले, ते आम्ही उठेपर्यंत परत आले नाहीत. आमच्या वडिलांनी निदान चार पानी शिव्या तरी लिहून पाठवल्या. मला त्या परवडल्या. या माणसाच्या गप्प बसण्याचा मात्र मला जो राग आला तो आठ वर्षं टिकला.

मग सासूबाई वारल्या. मेहुणा इस्राएलमध्ये स्थायिक झालेला होता, त्याने वडिलांना कायमचं बोलावून घेतलं. जाता जाता महिनाभर मुलीकडे राहतो, अशी सासऱ्यांची तार आली आणि मागोमाग ते स्वतः आले. आम्ही तेव्हा इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला राहत होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. ते मला ‘डॉक्टर’ म्हणायचे. मी त्यांना काय म्हणावं हे न ठरल्यामुळे काहीच म्हणत नसे, समोर जाऊन उभा राहून बोलायला सुरुवात करीत असे. हवा, बसचे नंबर, कोणता मासा कुठे मिळतो, यावर आम्ही भरपूर बोललो. झाल्या गोष्टीचा विषय कुणीच काढला नाही. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये लोक एकमेकांच्या दुखण्याबद्दल विचारत नाहीत, तसं आमचं घर चाललं होतं.

मी डोळ्यांच्या विभागात होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांचे डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. माणसाची आकृती त्यांना दिसे, चेहरा जवळ गेल्यावर दिसे. ऑपरेशन इथेच करून घ्या, म्हटलं, तर म्हणाले, “तिकडे मुलगा बघून घेईल, डॉक्टर. तुम्हाला कशाला तसदी?” मला ते लागलं. 

नॉर्वेची कल्पना बायकोची. “डोळे पूर्ण जायच्या आधी त्यांना ग्लेशियर दाखवू या,” ती म्हणाली. “तिकडे गेल्यावर कोण नेणार त्यांना? नाऊ ऑर नेव्हर.” मी म्हटलं, लेक डिस्ट्रिक्ट जवळ पडेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या दिवशी लंच अवरमध्ये जाऊन बुकिंग करून आलो. न्यूकॅसलहून बोट, पुढे कोच, आणि एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या खाडीच्या, टोकाला असलेल्या खेड्यात तीन रात्री मुक्काम. बरोबर सगळे इंग्रज पेन्शनर. थर्मास, छत्री आणि पाऊस पडणारच असा ठाम विश्वास घेऊन आलेले.

पाऊस पडला नाही. खेडं म्हणजे पाण्याच्या काठाने एक रस्ता, पंचवीस-तीस लाकडी घरं आणि मागे सरळ उभे डोंगर. डोंगर इतके उभे की त्यांच्या पायथ्याशी राहायची कुणाला बुद्धी झाली, असा प्रश्न पडावा. काही घरांच्या छपरावर गवत वाढलेलं होतं, आणि एका छपरावर तर बकरी चरत होती. हिचं दूध काढायला रोज शिडी लावतात का, असं सासऱ्यांनी गंभीरपणे विचारलं. कोचमधल्या बायकांना त्यांचा प्रश्न भाषांतर करून सांगितल्यावर त्या त्यांच्यावर खूश झाल्या. मला म्हाताऱ्याचा विनोद तिथे पहिल्यांदा कळला.

शुक्रवारी फ्योर्डमधून बोटीची सफर होती. धबधबे इतके होते की तिसऱ्यानंतर लोकांनी कॅमेरे खाली ठेवले. सासरे रेलिंगला धरून उभे होते. त्यांना दिसत काही नव्हतं, पण प्रत्येक धबधबा ते आवाजावरून ओळखत होते. हा रुंद आहे, हा उंचावरून पडतोय, ह्याच्या खाली खडक नाही. बरोबर निघत होतं. बायको त्यांना शाल पांघरायला सारखी मागे लागली होती. “बाबा, प्लीज. वारा बघा किती आहे.” ते म्हणाले, “बर्फखान्यातून भर मे महिन्यात बाहेर यायचो मी. मला काय होतंय?”

घोळ संध्याकाळी लक्षात आला. कंपनीच्या कार्यक्रमात हिमनदी शनिवारी होती, आणि शनिवारी सासरे गाडीत बसत नसत.

बुकिंग करताना वार बघायचं मला सुचलं नव्हतं. बायकोला सुचलं होतं, पण आयत्या वेळी बाबा सवलत घेतील असा तिचा हिशेब होता. तिने स्वतः शनिवार पाळणं कधीच सोडलं होतं. त्यांनी सवलत घेतली नाही. मुलीवर चिडलेही नाहीत. तिला म्हणाले, “कोकणात आपल्याला शनवारतेली म्हणायचे, ठाऊक आहे ना? आपण सगळं विसरलो होतो. पोथ्या गेल्या, भाषा गेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, एवढंच राहिलं. त्यावरून लोकांनी आपल्याला ओळखलं. ते मी बर्फासाठी सोडू?” आणि हॉटेलच्या जेवणात बटाटे आणि मासा तेवढा खाऊन, बाहेर लख्ख ऊन असताना, त्यांनी शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा शनिवार, धरला. लवकर धरलेला चालतो, म्हणाले, लवकर सोडलेला चालत नाही.

शनिवारी बायको त्यांच्याजवळ राहिली आणि मला कोचबरोबर पाठवलं. “तू जा. नीट बघून ये आणि सांग त्यांना.” त्या काळी खालच्या कुरणापासून घोड्याच्या गाडीने वर जाता येई आणि शेवटचा टप्पा दगडगोट्यांतून चालावा लागे. हिमनदी म्हणजे दोन काळ्या कड्यांमधून खाली उतरलेला बर्फाचा प्रचंड लोळ, पुढच्या बाजूला फुटलेला, मळका. तिच्या पोटातून राखाडी पाणी धोधो बाहेर येत होतं. मला त्यात मोठंसं काही वाटलं नाही. निसर्गापुढे मान लववणारा माणूस मी नव्हे. पेन्शनरांनी थर्मास उघडले, मीही त्यांच्यातला चहा प्यायलो.

परत आलो तर सासरे व्हरांड्यात माझी वाट बघत बसलेले. माझी वाट त्यांनी बघितलेली ती पहिलीच वेळ. त्यांनी उलटतपासणी सुरू केली. रंग कोणता? म्हटलं, वर पांढरा, भेगांमध्ये निळा. निळा म्हणजे कसला? शाईसारखा की कपड्याच्या निळीसारखा? मी म्हटलं, निळीसारखा, पण आतून उजेड लावल्यासारखा. ते खुर्चीत पुढे सरकले. आवाज येतो का? बुडबुडे किती आहेत? आमच्या लादीच्या मध्ये पांढरं राहतं, ती हवा अडकलेली असते, तसं काही? मला यातलं काही सांगता येईना. एवढ्या लांब जाऊन मी चहाच पिऊन आलो होतो. “असू दे,” ते म्हणाले, “तुमचा धंदा वेगळा.” आणि काठी हातातल्या हातात फिरवत बसले.

मला त्यांची कीव आली असं नाही. वैताग आला. इतकं हवं असलेलं दारापर्यंत येऊन परत जाणार, आणि उद्या सकाळी कोच निघाला की ते कायमचं गेलं. मी तडक हॉटेलच्या मालकिणीकडे गेलो. इथे जूनमध्ये अंधार पडतच नाही, शनिवार मावळल्यावर कुणी गाडीने नेईल का? तिचा भाऊ तयार झाला. कुरणाच्याही वरपर्यंत माझी गाडी जाते, म्हणाला. मी येऊन सांगितलं तेव्हा सासऱ्यांचा चेहरा उजळला. “शब्बाथ गेला की येतो,” ते म्हणाले. “तीन तारे दिसले की गेला. मग तुम्ही म्हणाल तिथे.”

तीन तारे. जिथे अंधार पडत नाही तिथे. इथे अंधार पडत नाही हे मीच आत्ता मालकिणीला सांगून आलो होतो. त्यांच्या लक्षात आलं नाही असं मी धरून चाललो.

जेवणं झाली. सूर्य डोंगरामागे गेला, तरी आभाळ ताकासारखं पांढरंच. सासरे कोट, मफलर, बूट घालून अंगणात उभे. मालकिणीचा भाऊ गाडी घेऊन आला आणि आम्ही का निघत नाही हे न विचारता बाकावर पेपर वाचत बसला. मी आभाळ चाळून काढलं. काही नाही. इथे तारे ऑगस्टमध्ये उगवतील, तोवर हे गाव शनिवारीच राहणार, असं काहीतरी मी बायकोच्या कानात पुटपुटलो. ती हसली नाही. तिने वडिलांकडे पाहिलं. ते डोकं मागे टाकून, ते पिकलेले डोळे बारीक करून वर बघत होते.

“दिसतात का गं?” त्यांनी विचारलं.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “तो एक. त्या शिखराच्या वर दुसरा. आणि तिसरा इकडे, डावीकडे.”

मी तिच्या बोटाच्या दिशेने बघितलं. पांढरं आभाळ. ती सराईत नर्स होती, आवाज जराही हलला नाही.  सासरे माझ्याकडे वळले.

“डॉक्टर, तुम्हाला दिसतात?”

मी पुण्याचा. बिनबुडाच्या गोष्टीला हो म्हणणं आमच्या रक्तात नाही, वाद घालणं आहे. मी म्हटलं, “दिसतात, बाबा. तीन.”

बाबा हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला ते मला माहीत नाही. त्यांनी मान डोलावली, हातावर हात घासले, शब्बाथ सोडायच्या दोन ओळी पुटपुटल्या आणि गाडीत जाऊन बसले.

वर पोचलो तेव्हा तिथे आम्ही चौघंच होतो. मालकिणीच्या भावाने एक हात धरला, मी दुसरा, आणि दगडांतून आम्ही त्यांना बर्फाच्या पायथ्याशी नेलं. शेवटची दोन पावलं त्यांनी आमचे हात सोडून टाकली. हातमोजा काढला आणि तळहात सबंध टेकवला. मग माठ घेताना वाजवून बघतात तसा बोटांच्या पेरांनी बर्फ वाजवला. कान लावला. नख लावून कण काढला, जिभेवर ठेवला. डोळे जवळ नेऊन त्या निळ्या भेगेत बराच वेळ बघत राहिले, आणि तेवढ्या जवळून त्यांना तो निळा खरंच दिसला असावा, कारण ते म्हणाले, “हवाच नाही आत. सगळी दाबून काढलीय. आम्हाला कधी जमलं नाही असं.” इतका खूश माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय. ऑपरेशननंतर पट्टी काढल्यावर पाहिलेत, तेवढेच.

मालकिणीचा भाऊ गाडीकडे गेला. आम्ही तिघं एका सपाट दगडावर बसलो. पाण्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे सासऱ्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

“तारे नव्हते,” ते म्हणाले.

 मी उगाच आभाळाकडे बघितलं.

“तो माणूस बाकावर पेपर वाचत होता. पानं उलटल्याचं मला ऐकू येत होतं. पेपर वाचता येतो त्या उजेडात तारे कुठले?”

“मग आलात का, बाबा?” तिने विचारलं.

त्यांनी ओला हात मांडीवर उताणा ठेवला होता. “दोघं मिळून सांगत होतात,” ते म्हणाले. “मागेही दोघं मिळूनच सांगायला आला होतात. तेव्हा खरं सांगत होतात, तर मी टोपी घालून निघून गेलो. आता खोटं सांगताय म्हणून पुन्हा निघून जाऊ? किती वेळा जायचं माणसाने?”

बायकोने त्यांचा हात आपल्या कोटाच्या अस्तरात घेऊन पुसला, आणि तो कोरडा झाल्यावरही पुसत राहिली.  आठ वर्षं त्यांना सुनवायचं म्हणून घोकून ठेवलेलं पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवेना. मला या माणसाबद्दल प्रेम वाटत होतं, आणि पुढच्या मंगळवारी त्यांचं विमान होतं.