आधी शेळ्या हलवा

मंडळी, आज दुपारी डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर जेवत होतो. मागच्या डोंगरात दगड घरंगळल्याचा आवाज आला. दरडीची भीती वाटली की शाळेत जायचं, हे ठरलेलं. पण शेजारची सखूमावशी उठेना.

"माज्या शेळ्या कोन बगल? मी नाय यायची."

गेल्या पावसात ती शेळ्यांसाठीच अर्ध्या वाटेतून माघारी फिरली होती. म्हणून यंदा मी शाळेमागच्या माझ्या जागेत शेळ्यांना पत्र्याची शेड बांधली. पाडा हसला, "शेटनी बकऱ्यांना बंगला बांदला."

आज वाद घातलाच नाही. शेळ्या सोडल्या आणि चालू लागलो. मावशी शिव्या देत मागून आली, तिच्यामागं तिचं सगळं घर.

दरड आली नाही. खुशाल हसा. पुढच्या आवाजालाही मी आधी शेळ्याच सोडणार.

तुमच्या घरात कोण कशासाठी अडून बसेल, विचारलंय कधी?