पडद्यामागचा ॲम्प्लिफायर

आमच्या साऊंडच्या दुकानात हवी ती वायर कधीच सापडत नाही, पण एखादी ओढली की तिला गुंतून चार किस्से बाहेर येतात!

यंदाचे सगळे किस्से ॲम्प्लिफायरचे. देवळात डबलबारी होती, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. मला कॉलेजात शिकलेलं वापरून, नवा ॲम्प्लिफायर लावून, पहिल्यांदा मिक्सरवर बसायचं होतं. बाबा म्हणाले, "पडद्याआडसून आमका फरक कळलो नाय, तर तुझो नवो." मी लगेच चादर बांधून जुना-नवा दोन्ही तिच्याआड ठेवले आणि भजनाची रेकॉर्ड लावली!

*

पहिले सदाकाका, बाबांचे धाकटे भाऊ. डोळे मिटून म्हणाले, "ह्यो जुनो! आवाजात जीव आसा."

मी चादर सारली. नवा वाजत होता.

काका हलले नाहीत. "मगे तो जुन्याकडसून शिकलो!"

*

मग आमचे बुवा. मी नुसतं बटण टक्क करून म्हटलं, "बदललं हां."

"हां! आता पखवाज कसो सुटो वाजता!"

"बुवा, मी काहीच बदललेलं नाही."

"मगे माझो कान सुधारलो आसतलो!"

*

बाबांचं वेगळंच. जो किंचित मोठा वाजेल तो त्यांना जुना वाटायचा. मी मीटर लावून दोघांचा आवाज अगदी सारखा केला. बाबा बराच वेळ ऐकत राहिले आणि भडकले, "दोनय बिघडवलंस गो!"

"म्हणजे फरक कळत नाही ना? मग नवा न्यायचा!"

"कान हरले म्हणून मशीन हरता काय? जुनोच जातलो!"

आता अशा माणसांशी बोलायचं काय?

*

आई भाकऱ्या थापत होती. तिला विचारलं, "तुला तरी फरक कळतो का गं?"

"कळता मगे! दोन्हींपेक्षा बंद आसलेलो बरो!"

*

शेवटी मी शहाण्या मुलीसारखी म्हणाले, "बाबा, जुनाच नेऊया. फक्त मिक्सरवर मला बसू द्या." बाबा खूश! जुना ज्या जाळीच्या लाकडी पेटीतून फिरतो, तिच्यात मी मैत्रिणीच्या मदतीने सकाळीच नवा बसवून ती देवळात पोचवली होती.

डबलबारी रंगली. बुवांनी तान घेतली की सदाकाका शेजाऱ्याला कोपर मारायचे, "ह्येका म्हणतत आवाज!" बाबा मुद्दाम मिक्सरपाशी आले. "बघलंस? तुझो नवो आसतो तर आज नाक कापला गेला आसता!"

मी मान खाली घालून बटणं फिरवत राहिले.

संध्याकाळी सामान आवरायला घेतलं. मी काही बोलायच्या आत दोघं भाऊ पेटीच्या दोन बाजूंना उभे! जुना उचलायचा म्हणजे दोन माणसं आणि कमरेला पंचा, हा आमच्याकडचा रिवाज. पंचे आवळले, गुडघे वाकवले, दम भरला.

"जोर लाव रे, हैशा!"

पेटी डोक्याच्या वर गेली आणि दोघंही धप्पकन खाली बसले!

पेटी मांडीत घेऊन सदाकाका बाबांकडे बघत म्हणाले, "दादा, वाजून वाजून हलको झालो रे!"