अंगावर शिवलेला झगा

धाकटीच्या हातची टीप उसवत नाही, हे त्या अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं मशीन. पुढे गल्ल्यावर मालक, मध्ये वाफेच्या इस्त्र्या, आणि पार मागे खिडकीशी धाकटी. पँट आखूड कर, कोट सैल कर, चेन बदल, समारंभ चार दिवसांवर आला आणि ड्रेस कमरेत बसत नाही तर बसवून दे, असली सगळी कामं तिची. माणूस दारातून आत आला की तिच्या तोंडून माप आधी निघायचं आणि बोलणं नंतर. "छत्तीस, आणि डावा हात अर्धा इंच लांब." टेप लावून बघावी तर छत्तीसच, आणि डावा हात अर्धा इंच लांब. मालक म्हणायचा, "हिच्यापुढे पोट आत ओढून उभं राहण्यात काही अर्थ नाही."

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आईबाप लवकर गेले, मागे दोघी बहिणी उरल्या, एक थोरली आणि एक धाकटी, आणि तेच चिकटलं. नवराही तिला धाकटीच म्हणायचा. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता आणि या खेपेला दहा महिन्यांचा करार करून गेला होता. घरात तेरा महिन्यांची पोर, गोल आणि गुटगुटीत, म्हणून तिला सगळे गुंडी म्हणायचे. आणि धाकटीला पुन्हा आठवा लागला होता. नवरा परत यायला अजून अडीच महिने होते. हिशेब तुम्हीच करा.

बाळंतपणाची तिला भीती नव्हती. एकदा झालं होतं, दुसऱ्यांदा होईल. तिची झोप उडाली होती ती दवाखान्यातल्या नर्सच्या एका वाक्यानं. नाव नोंदवायला गेली तेव्हा कडेवर गुंडी होती. नर्स वर न बघताच म्हणाली, "कळा सुरू झाल्या की या. लहान मूल आत चालणार नाही, बरोबर कुणीतरी मोठं माणूस आणा."

मोठं माणूस! जसं काही ते फडताळात घडी घालून ठेवलेलं असतं. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "तासभर ठेवून घेईन गं, पण दोन-तीन दिवस म्हणजे..." आणि पुढचं वाक्य तिनं दारामागे पुरं केलं. मालक म्हणाला, "इस्त्रीच्या टेबलावर निजव तिला," आणि स्वतःच हसला. त्याचा स्वभावच तसा, वाईट नव्हता माणूस. राहता राहिली थोरली. पण ती विमानानं चार तासांच्या अंतरावर. बेकरीत कामाला, आणि घरात सासू अंथरुणाला खिळलेली. तिनं फोनवर सांगून टाकलं, "मला घर सोडता येत नाही. तूच ये. पोरीला मी बघते, तुलाही बघते. पण वेळेवर ये बाई, नाहीतर विमानात घेणार नाहीत."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. सात महिन्यांच्या पुढे डॉक्टरचं पत्र लागतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "पोट मधूनमधून आखडतंय तुमचं. प्रवास नको. पत्र मी देणार नाही." धाकटीनं गुंडीचं सांगितलं, नर्सचं वाक्य सांगितलं. डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "काहीतरी सोय होईल हो." बोलायला काय जातं! सोय करायला कोण येणार, ते मात्र कुणीच सांगत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, तिनं केलं ते चूकच. म्हणा खुशाल. तीही तेच म्हणत होती, मशीनवर पाय मारता मारता. निळ्या जाड कापडाचा झगा, छातीखालून चुण्या, खाली सहा कळ्यांचा घेर, आणि आत अस्तराला शिवलेला रुंद पट्टा, पोट वर उचलून आत धरणारा. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं लपवली होती तिनं, आपलं लपवायला कितीसा वेळ लागणार? आरशात बघितलं तर पाचवा वाटत होता. मनात म्हणाली, "बाळा, चारच तास. आईला माफ कर." आणि झगा खिळ्याला अडकवून ठेवला.

पण मापात न चुकणारी ही बाई स्वतःच्या मापात चुकली. झगा शिवला सोमवारी आणि विमान होतं शनिवारी. पाच दिवसांत पोट वाढलं! सकाळी चेन ओढते तर कमरेपाशी अडली ती अडलीच. टॅक्सी खाली येऊन भोंगा वाजवतेय, गुंडी एक बूट घालून दुसरा चावतेय. काय करणार? तिनं चेन उसवून टाकली, कोटाच्या बटणांचा जाड धागा सुईत ओवला, श्वास आत ओढला आणि झगा अंगावरच शिवून टाकला. काखेपासून मांडीपर्यंत, दुहेरी टाके. थोरलीकडे पोचलं की धागा कापायच्या छोट्या कात्रीनं उसवू, असा विचार करून कात्री पर्समध्ये टाकली.

ती कात्री विमानतळावरच्या तपासणीत गेली. "ही चालणार नाही," म्हणून एका माणसानं ती उचलली आणि ट्रेमध्ये टाकली. धाकटीनं ट्रेकडे एकदा बघितलं आणि "बरं" म्हणाली. त्याआधी काउंटरवरच्या बाईनं विचारलं होतं, "कितवा?" धाकटी म्हणाली, "पाचवा." बाईनं लिहून घेतलं. झग्यानं काम चोख केलं होतं. इतकं चोख, की रांगेत कुणी पुढे घेतलं नाही, बाकावर कुणी सरकलं नाही, आणि बॅग उचलायला कुणी हातही लावला नाही. एका हातात पोर, एका हातात बॅग, आणि पोटात दुसरं पोर आवळून धरलेलं.

खिडकीची जागा मिळाली. शेजारी चष्मेवाले एक गृहस्थ होते. त्यांनी गुंडीकडे असं बघितलं जसं काही ती त्यांच्या जेवणात पडलेला केस होती. एअर होस्टेस आली, विशीतली पोरगी, खांदे चौतीसचे आणि मेल्यांनी जॅकेट दिलेलं छत्तीसचं. तिनं गुंडीचा छोटा सीटबेल्ट धाकटीच्या सीटबेल्टमध्ये ओवला आणि म्हणाली, "मॅडम, घट्ट ओढा हं." धाकटीनं ओढला.

पहिला तास बरा गेला. मोबाइलवर गुंडीला मांजरांचे व्हिडिओ लावून दिले आणि बॅटरी संपेपर्यंत तिनं ते बघितले. बाथरूमला पोरीला घेऊन जायला नको म्हणून धाकटी पाण्याचा घोटसुद्धा प्यायली नव्हती. दुसऱ्या तासाला पोट आखडलं. दगड झालं नुसता, मग सैल पडलं. तिला वाटलं, झग्यातल्या पट्ट्यानं असेल. वीस मिनिटांनी पुन्हा. मग बारा मिनिटांनी.

बोटानं काखेखालचा टाका चाचपला. निसटेना. नखानं ओढला. निसटेना. गुंडीच्या खाऊचा चमचा घातला, तर चमचा वाकला. मान वळवून दात लावायला गेली, तर शेजारचे गृहस्थ चष्म्यावरून बघायला लागले. अख्ख्या रस्त्याला माहीत असलेली ती टीप! तिला स्वतःच्या हातांचा इतका राग आला, की त्यांना चावावंसं वाटलं.

बेल दाबली. मघाची एअर होस्टेस पोरगी आली.

"कात्री मिळेल का हो? छोटीशी."

"कात्री प्रवाशांना देत नाही मॅडम. कशाला हवी होती?"

सांगितलं तर विमान मध्येच कुठंतरी उतरवतील. अनोळखी गाव, अनोळखी दवाखाना, आणि दारात तेच वाक्य, लहान मूल आत चालणार नाही. मग गुंडी कुठं? कुणाच्या हातात? नाही सांगितलं, तर हे आतलं... मांडीवर गुंडी झग्याची चुणी मुठीत धरून झोपेला आली होती. तेवढ्यात पुन्हा कळ आली. या वेळी आठ मिनिटंही झाली नव्हती.

"मला आठवा आहे," धाकटी म्हणाली. "पाचवा खोटं सांगितलं."

पोरगी हसली. "काहीतरीच काय! वाटत नाही तसं."

"वाटू नये असंच शिवलंय!" धाकटी ओरडली, तशा पुढच्या चार रांगांनी माना वळवल्या. "अंगावर शिवलंय. कापा हे आधी. पाया पडते."

ती पोरगी पळाली बाणासारखी. औषधाच्या पेटीतली कात्री घेऊन आली. काखेपासून खाली एकेक टाका कापत गेली, मग आतला पट्टा कापला, आणि पोट बाहेर आलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अरे देवा!" आणि काहीही न विचारता त्यांनी गुंडीला उचलून मांडीवर घेतलं. गुंडीनं पहिल्यांदा त्यांचा चष्मा काढला.

माइकवरून डॉक्टर आहे का विचारलं, तर एक दातांचे डॉक्टर निघाले. बिचारे घाबरत घाबरत म्हणाले, "मला हिरड्यांच्या खालचं फारसं कळत नाही. पण डाव्या कुशीवर निजवा, पाणी द्या, आणि कळांची वेळ लिहून ठेवा." आणि घड्याळ हातात धरून ते शेवटपर्यंत उभे राहिले. पायलटनं सांगितलं, आता कुठंही वळलं तरी तेवढाच वेळ, सरळच जाऊ. धाकटीनं डोळे मिटले. कळा कमी झाल्या नाहीत.

विमान उतरलं तर शिडीशी अँब्युलन्स उभी होती. स्ट्रेचर आणणारी माणसं घाईत होती. त्यातल्या एकानं गुंडीकडे बघितलं आणि म्हणाला, "लहान मूल यात चालणार नाही. बाहेर कुणी आहे?"

बाहेर थोरली होती. पण फोन बंद पडलेला, आणि नंबर हल्ली पाठ कुणाला असतात? धाकटीनं एअर होस्टेसचा हात घट्ट धरला. "ऐका. छाती बेचाळीस, कंबर अडतीस. उंची माझ्याएवढीच. उजवा खांदा अर्धा इंच उतरता, तिकडे बघा. जांभळा ड्रेस घालून येते म्हणालीये, बाहीला तीन बटणं, मीच शिवलाय. तिच्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका. कुणाच्याही."

"नाही देणार, ताई," पोरगी म्हणाली. मघापर्यंत ती मॅडम म्हणत होती.

तिनं गुंडीला घेतलं, पण गुंडी येईना. कापलेल्या झग्याची कड तिनं दोन्ही मुठींत धरली होती. रडत नव्हती, नुसती धरून बसली होती. त्या पोरीनं हलकेच एकेक बोट सोडवलं. डाव्या हाताची सोडवली की उजव्यानं पुन्हा पकडायची. शेवटी धाकटीनंच सोडवली ती बोटं, आपल्या हातांनी. महिनाभर ती एवढाच विचार करत होती, की गुंडीला कुणाजवळ ठेवायचं. तिला ठेवून निघायचं कसं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. अँब्युलन्सचं दार लागलं तेव्हा गुंडी किंचाळली आणि तो आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

संध्याकाळी मुलगा झाला. एवढासा, इस्त्री केलेल्या रुमालाच्या घडीएवढा. काचेच्या पेटीत ठेवला, नळ्या लावल्या. तिथल्या डॉक्टरांनी धाकटीला चांगलं फैलावर घेतलं. पट्ट्यानं झालं की तसंही होणारच होतं, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे "सांगता येत नाही" आता जन्मभर तिच्या उशाशी राहणार होतं. तिसऱ्या दिवशी पोरानं आपणहून श्वास घ्यायला सुरुवात केली, आणि धाकटी पहिल्यांदा रडली.

चौथ्या दिवशी तिला काठीच्या आधारानं वॉर्डच्या काचेच्या दारापर्यंत येऊ दिलं. काचेपलीकडे थोरली उभी होती, जांभळ्या ड्रेसमध्ये, कडेवर गुंडी. विमानातल्या त्या पोरीनं खरंच खांदा बघून ओळखलं होतं तिला, थोरली नंतर हसून सांगायची. काच सरकली. धाकटीनं हात पुढे केले. "गुंडे, ये गं."

गुंडीनं तिच्याकडे बघितलं. नीट, बराच वेळ बघितलं. मग तोंड फिरवलं आणि थोरलीच्या खांद्यात खुपसलं.

"अगं, आई आहे ती! वेडी की काय?" थोरली ओशाळून म्हणाली आणि पोरीला पुढे करू लागली. "चार दिवस सोडत नाहीये बघ मला. जेवतेही छान. तू काळजी नको करू."

"राहू दे ताई. ओढू नकोस तिला," धाकटी म्हणाली.

तिला राग आला, लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं, सगळं एकदमच. याच्याचसाठी तर आली होती ती, एवढं खोटं बोलून, एवढं सगळं पणाला लावून. थोरलीचा तो उजवा, उतरता खांदा. त्याच्यासाठी धाकटीनं प्रत्येक ड्रेसला आतून कापसाची गादी शिवून दिली होती. या ड्रेसची गादी थोरलीनं काढून टाकलेली दिसत होती. त्या खोलगट जागेत गुंडीचं डोकं अगदी मापात बसलं होतं.

"गादी काढलीस?" तिनं विचारलं.

"टोचत होती गं तिला," थोरली म्हणाली. "दोन तास लागले. तुझी टीप काय लवकर उसवते होय!"

धाकटीनं पुढे केलेले हात खाली घेतले आणि ती तिथंच काचेला टेकून उभी राहिली.