समरकंदातला काठोकाठ चहा

मी निघाले तेव्हा गावात दोनच विषय होते: नळाला पाणी कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझं मात्र मी शोधलं होतं. लातूरला क्लास करूनही सरकारी मेडिकलची सीट हुकली; मग खिशाला परवडणारं शहर म्हणून समरकंद मीच निवडलं.

"जमंल का गं एकटीला?" हैदराबादच्या विमानतळावर बाबांनी विचारलं.

"न जमायला काय झालं?"

उतरल्यावर तासाभरातच जीव रमला. बाजार, दोस्त, मेहमान, सगळे शब्द आमच्या उदगीरचेच. निळे घुमट बघत गरमागरम नोन (तंदूरची जाड रोटी) खाल्ली. अडचण एकच होती. होस्टेल भरलेलं, आणि राहायचा पत्ता दिल्याशिवाय कॉलेज नाव नोंदवून घेईना. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

दुसऱ्या वर्षाला असलेला लातूरचा इम्रानभाई मला मुहब्बत खोलांकडे (खोला म्हणजे मावशी, आपली खालाच) घेऊन गेला. त्यांच्याकडे एक खोली रिकामी होती, पण माणूस पारखल्याशिवाय त्या देत नसत.

अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसलो. खोलांनी बिनकानाच्या कपात हिरवा चहा दिला, तोही अर्धाच. मला भरून आलं. म्हणजे इथंही पाणीटंचाई! म्हाताऱ्या माणसाने वाढायचं नि आपण बसायचं, हे बरं दिसेना. मी किटली घेतली, त्यांचा कप काठोकाठ भरला आणि स्वतःला घोटभर घेतला.

खोलांचा चेहरा उतरला. इम्रानभाईने कपाळाला हात लावला.

"काय केलीस माय! इथं कप भरून दिला म्हंजे 'उठा आता' असं हाय. तू खोलाला त्यांच्याच घरातून हाकलून राहिली!"

मी किटली खाली ठेवली. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "सांग त्यांना," मी म्हणाले, "आमच्याकडं टँकर येतो तवा पानी मिळतं. पाहुण्याला भरून देतो, आपण घोटावर भागवतो. माझा कप बघा म्हणावं."

खोलांनी खरंच वाकून माझा कप बघितला. मग माझ्याकडे. आणि काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या?"

"सामान कुठं हाय, विचारून राहिल्यात."

उन्हाळ्याच्या सुट्टीत उदगीरला आले. गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग तशीच होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कवा जायचं परत?"

"पुढच्या आठवड्यात घरी जाणार," मी सहज बोलून गेले.

ज्वारी निवडणारी आई थांबली. "मंग ह्ये कुणाचं हाय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोललेलं खोटं नव्हतं, म्हणून तर सावरताही येईना. आई पुन्हा ज्वारी निवडू लागली. निघायच्या दिवशी तिने माझ्या बॅगेत पिठाची पिशवी ठेवली आणि वर न बघता म्हणाली, "तुझ्या त्या घरी दे."