तिसऱ्यांदा सांगायचं होतं

माझ्या मुलाने आणि सुनेने मला फसवलं. माझा दादा गेला हे त्यांनी माझ्यापासून लपवलं, आणि दिवाळीत मी त्याच्यासाठी केलेला फराळ मुलगा ऑफिसात वाटून आला. दोघांनीही हे कबूल केलंय. त्यांचं म्हणणं असं, की सांगून झालं होतं, मीच विसरले. तेही इथे लिहीन. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय मी भाव पाडत नाही.

फरीदाबादला माझं पडदे-चादरींचं दुकान आहे. नवरा कारखान्यात फोरमन होता. तो गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. घरातल्या दिवाणावर चादरींचे गठ्ठे मांडून मी धंदा सुरू केला, आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःचं शटर वर केलं. दिल्लीच्या ठोक बाजारात मला सगळे ओळखतात, फार प्रेमाने नाही. मी दुकानात शिरले की लोक पंखा वाढवतात आणि चहा सांगतात, कारण मी लवकर उठणार नाही हे त्यांना माहीत असतं.

दादा माझ्यापेक्षा मोठा आणि अगदी उलटा. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसात त्याने नोकरी केली, भाजीवाल्याला सुद्धा कधी उलटून बोलला नाही. मूलबाळ नव्हतं. वहिनी गेल्यावर दिल्लीतल्याच मुनिरक्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिला. आजूबाजूला सगळे विद्यार्थी. दर रविवारी मेट्रोने माझ्याकडे यायचा. फोन त्याला आवडत नसे. म्हणायचा, "शेटाणी, फोनवर तुझा आवाज ऐकला की वाटतं, मी तुझ्याकडून काहीतरी घ्यायला नाही म्हणालोय."

गेल्या उन्हाळ्यात मला काय झालं ते कळायला एक प्रसंग पुरे. ठोकवाल्याने पडद्याच्या कापडाचा भाव सांगितला आणि मी म्हणाले, "ठीक है." त्याने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. मला ऐकू आलं नसेल असं वाटून त्याने स्वतःच भाव उतरवून पुन्हा सांगितला. मी पुन्हा म्हणाले, "ठीक है."

"भाभीजी," तो घाबरून म्हणाला, "घर पे सब ठीक?"

त्यानंतर दुकान सुटलं. मला दुःख होत नव्हतं, हे लोकांना पटत नाही. दुःख झालं असतं तर आत काहीतरी आहे असं तरी वाटलं असतं. दात घासायला बेसिनपर्यंत जायचंय, एवढ्या विचाराने मी पलंगावर बसून राहायची. सून हातात घास द्यायची, तो हातातच वाळायचा. खाली भाजीवाला ओरडायचा आणि मला त्याच्याशी भांडावंसंही वाटेना. घरात माणसं होती, माझ्याशी बोलत होती, पण ती सगळी काचेपलीकडच्या दुकानात असल्यासारखी. ओठ हलताना दिसायचे. माझ्यापर्यंत काही येत नसे.

गोळ्या झाल्या, बदलून झाल्या, वाढवून झाल्या. मग दिल्लीतल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूला वीज देण्याचा उपचार सुचवला. मुलगा पांढराफटक पडला. त्यांनी शांतपणे समजावलं, की सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. पूर्ण भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात, डोक्याला काही क्षण मोजका प्रवाह देतात. झटका येतो तो बहुतेक मेंदूतल्या मेंदूत. आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे. तोवर मी कोणाशी धड बोलत नव्हते. तिथे मात्र कुठून कोण जाणे, जुनी सवय जागी झाली.

"इसमें मेरा क्या जाएगा?" मी विचारलं.

"कुछ यादें जा सकती हैं. ज़्यादातर इन्हीं हफ़्तों की. कुछ लौट आएँगी, कुछ शायद नहीं."

"कौन सी जाएँगी?"

"वो हम नहीं चुन सकते."

"गोदाम से माल निकलेगा और आपको पता नहीं, कौन सा?"

आमच्याबरोबर आलेला दादा शेजारच्या खुर्चीत हसला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या बोलण्यावर हसलं होतं. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर तो म्हणाला, "शेटाणी, आयुष्यभर तू माल उजेडात धरून बघून घेतलास. हा तसा बघता येणार नाही. सही कर."

"आणि काही चुकलं तर?"

"तर मी येतो की तुझ्याबरोबर. भांडायला."

"तू? भांडायला?"

"तुझ्यामागे उभा राहीन. तेवढं जमेल."

त्या शब्दावर मी सही केली.

पहिली खेप मला आठवते. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. कानातल्या कुड्या काढायला सांगितल्या, त्या दादाने त्याच्या चौकड्याच्या रुमालात बांधून घेतल्या. हातात सुई, तोंडावर मास्क. जाग आली तेव्हा डोकं आणि जबडा ठणकत होता, आणि पायथ्याशी दादा तो रुमाल मुठीत धरून बसला होता. त्यानंतरचं सलग असं काही नाही. गाडीच्या काचेवरचा पाऊस, बदरपूरचा पूल, सुनेचा हात. एखाद्या थानातून मधलं मीटरभर कापड कापून नेऊन दोन टोकं परत शिवावीत, तसं.

उपचाराचा गुण आला. हे मी स्पष्ट लिहिते, म्हणजे डॉक्टरांवर कोणी घसरायला नको. एका सकाळी भाजीवाल्याने किडलेली भेंडी तोलली आणि मी त्याला असा झाडला की तो गाडी सोडून मागे सरकला. सुनेने खिडकीतून ऐकलं आणि लगेच मुलाला फोन लावला. "अहो, आई भांडतायत! बिल्कुल पहिल्यासारख्या!" ती रडत होती.

बरी झाल्यावर मी पहिल्यांदा दादाची चौकशी केली. इतके रविवार गेले, आला कसा नाही?

"गुडघे धरलेत गं मामाचे," मुलगा म्हणाला. "जिना उतरवत नाही."

"फोन लाव."

"बंद असतो. तुला माहितीये ना त्याचं."

मला माहीत होतं. म्हणून तर पटलं. खोटं बोलायचं तर समोरच्याच्या ओळखीचं बोलावं, हे माझा मुलगा माझ्याच दुकानात बसून शिकलाय.

दिवाळी आली. मी स्वतः उभी राहून चकल्या, चिवडा, शंकरपाळे केले आणि दादाचा स्टीलचा डबा भरून मुलाला मुनिरक्याला धाडलं. दादा डबा कधी रिकामा परत करत नसे. आमच्या आईची शिस्त ती. दोन पेरू, मूठभर साखर, एकदा काहीच नव्हतं तर दारातल्या तुळशीची मंजिरी. मुलगा संध्याकाळी डबा घेऊन आला. मी झाकण उघडलं. धुतलेला, कोरडा, रिकामा.

"काय म्हणाला?"

"छान झालंय म्हणाला."

"आणि डबा असाच दिला?"

"अगं आई, गुडघे दुखतायत त्याचे."

"साखर घालायला गुडघे लागतात?"

तो आंघोळीला गेला. मी त्या डब्यावरून दादावर अशी चिडले की दोन दिवस त्याचं नाव घेतलं नाही. एवढी मी मरणाच्या दारातून परत आले आणि याला चमचाभर साखर जड झाली! भाऊबीजेला त्याला काय काय सुनवायचं ते मी भांडी लावताना जुळवत होते. या दोघांनी ते ऐकलं. मेलेल्या माणसावर मला चिडू दिलं, आणि गप्प राहिले.

दादा दरवर्षी ताटात पाकीट ठेवायचा, मी ते न उघडताच म्हणायची, "एवढंच?" आणि तो म्हणायचा, "भाव फिक्स आहे." भाऊबीजेला मी ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. मुलगा म्हणाला, मामाला येणं जमणार नाही. मी म्हटलं, मग मी जाते. तर म्हणे आज ट्रॅफिक फार आहे, उद्या जाऊ. भाऊबीज उद्या असते का?

तेवढ्यात दारावर वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. पाऊसकाळात पुण्याला लेकीकडे गेल्या होत्या, आदल्याच दिवशी परतलेल्या. त्यांच्याही हातात ताट. माझं ताट बघून त्यांचे डोळे भरले.

"बरं केलंस हो," त्या म्हणाल्या. "मी गच्चीवरच निघालेय. चल, दोघी मिळून चंद्राला ओवाळू."

भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. काकूंचा भाऊ कधीच गेलेला, त्या दरवर्षी ओवाळतात. सुनेच्या माहेरी दिल्लीच्या पद्धतीची भाईदूज, दिवसा टिळा लावायचा की झालं. चंद्राचं तिला माहीत नव्हतं. मुनिरक्याला जाणं टळलं की दिवस निभावला, असा दोघांचा हिशेब होता. काकूंना कोणी गाठून ठेवलं नव्हतं.

"मी कशाला चंद्राला ओवाळू?" मी म्हटलं. "माझा भाऊ आहे."

काकूंनी माझ्या खांद्यावरून मुलाकडे बघितलं. "अरे... हिला..."

"काय हिला?"

"अगं, मी होते ना तुझ्याबरोबर मुनिरक्याला," त्या हळूच म्हणाल्या. "झोपेतच गेला तो. तू त्याच्या तोंडात पाणी घातलंस. आठवत नाही तुला?"

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मग सगळं बाहेर आलं. उपचार निम्म्यावर असताना दादा गेला. मुलाने मला सांगितलं, नेलं, आणलं. पुढच्या खेपेनंतर मी विचारलं, दादा का नाही आला? त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं भिंतीवर डोकं आपटलं. त्याच्या पुढच्या खेपेनंतर मी पुन्हा विचारलं.

"तेव्हा आमची हिंमत नाही झाली, आई," सून म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा अख्खी पोळी खाल्ली होती. मीच ह्यांना म्हटलं, आज नको."

"आज नको. ठीक. मग उद्या? दिवाळीपर्यंत उद्या आला नाही?"

"तू परत तशी झाली असतीस तर?" मुलगा ओरडला. "दोनदा सांगितलं तुला! दोनदा तुला तसं बघितलंय मी!"

"मग तिसऱ्यांदा सांगायचं होतं! दुकानात मी तिसऱ्या फेरीलाच सौदा पक्का करते, माहितीये ना तुला?"

"हा सौदा नाहीये, आई."

"डॉक्टरला विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं.

मी काकूंबरोबर गच्चीवर गेले. फटाक्यांच्या धुराने आभाळ राखेसारखं झालेलं. द्वितीयेची कोर कुठे दिसेना. काकूंनी बोट केलं, "तिकडे असेल." तिकडे मी ओवाळलं. आजूबाजूच्या गच्च्यांवर दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या, खालून कोणाच्या तरी घरातलं हसणं ऐकू येत होतं. ताटात पाकीट नव्हतं. "एवढंच?" असं कोणाला म्हणायचं?

त्यानंतर मी मुनिरक्याला जाऊन आले. त्या खोल्यांत आता दोन विद्यार्थिनी राहतात. त्यांनी मला पाणी दिलं आणि मी कोण ते विचारलं. कुड्या माझ्या कपाटात आहेत, चौकड्याच्या त्याच रुमालात. त्या त्याने कधी परत दिल्या, ते मला आठवत नाही.

वीज माझं काय घेऊन गेली, त्याचा जाब मी मशीनला विचारणार नाही. सही माझी होती. भांडायला माझ्यामागे उभा राहणारा गेला, म्हणून एकटीच विचारते, आणि माझ्या मुलाला विचारते.

त्या दिवशी मी दादाजवळ बसले होते. मी काय बोलले त्याच्याशी? त्याचा हात धरला होता का? त्याच्या अंगात कोणता सदरा होता? किती वेळ मला तिथे बसू दिलंत, आणि उठवलं कोणी? माझ्या भावाचा शेवटचा दिवस माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. तू "सोड ना, आई" म्हणतोस आणि उठून जातोस. मी सोडत नसते, हे फरीदाबादपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यासमोर बस आणि पहिल्यापासून सगळं सांग. मी पुन्हा विसरले तर पुन्हा सांग.