वाय नऊ दिसत असताना

तांबेसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला समजावत होते की विमान भरलेलं नाही, फक्त स्वस्तातला वर्ग बंद झालाय. फोन साहेबांच्या घरून, वहिनींचा होता. "विद्या, हे गेले गं. चहा घेतला, पेपर वाचायला बसले आणि…" पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. गिऱ्हाइकाचं तिकीट मात्र मी काढून दिलं. साहेबांच्या हाताखाली शिकलेलं माणूस दुसरं काय करणार?

दादरच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत मी एकवीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा स्वतः विमानात बसला जेमतेम दोनदा, पण जगातली विमानं त्याला तोंडपाठ. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरांची लांबलचक रांग आणि प्रत्येक अक्षरापुढे आकडा बघून मी घाबरलेच. साहेब हसले. "अगं, एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळं भाडं दिलेलं असतं. अक्षर म्हणजे भाड्याचा वर्ग, आकडा म्हणजे त्या वर्गात किती सीट शिल्लक. वाय म्हणजे पूर्ण भाडं. शून्य म्हणजे तो वर्ग बंद, विमान नाही. आणि नवाच्या पुढे हा डबा मोजतच नाही. नऊ दिसले की नऊ असतील नाही तर नव्वद. भरवसा ठेवायचा नाही."

शून्याचे पुन्हा दोन-तीन होतात, हेही त्यांनीच दाखवलं. इतर एजंटांनी धरून ठेवलेल्या सीटचं तिकीट मुदतीत निघालं नाही, की त्या परत येतात. तेवढं थांबायचं आणि खालच्या वर्गातलं तिकीट उचलायचं, ही आमची मिजास. वायमध्ये तिकीट काढणं म्हणजे आमच्याकडे नामुष्की. मी कधी काढलंच तर म्हणायचे, "हे तर मशीनलाही जमलं असतं की गं!" त्यांना या थांबण्याच्या खेळाची गंमत वाटायची. मला मात्र त्याचं वेडच लागलं.

सात वर्षांपूर्वी बाबा परळला इस्पितळात होते. शुद्धीवर होते आणि सारखं विचारत होते, "अनंता निघाला का?" अनंता म्हणजे माझा दादा, टोरांटोला असतो. मी वॉर्डाबाहेरून साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "वाय नऊ आहे. काढून टाकतो." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा ना साहेब, दुपारपर्यंत खालचा वर्ग उघडेल." ते म्हणाले, "विद्या, आज नको हे." मी हट्ट धरला… माझे वडील, माझा भाऊ, म्हणून त्यांनी ऐकलं. दुपारी दुसऱ्या एका विमानाची फेरी रद्द झाली आणि तिथले प्रवासी या विमानात घातले. सगळ्या अक्षरांपुढे शून्य. दादाला सीट मिळाली दुसऱ्या दिवसाची. तो पोचला तोवर बाबा गेले होते; त्याला चेहरा बघायला मिळाला, आवाज ऐकायला नाही.

साहेब आमच्या गिरगावच्या घरी भेटायला आले तेव्हा दादाने त्यांना सरळ विचारलं, "सकाळी सीट होती ना? मग काढली का नाही?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझा अंदाज चुकला." मी चहा ठेवला आणि आत गेले. आयुष्यात मी इतक्या भित्रेपणाने कधी वागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी म्हटलं, दादाला खरं सांगते. ते पडद्याकडे बघतच बोलले, "राहू दे. मी त्याचा कोण? माझ्यावर चिडला तर त्याचं काही अडत नाही. तुझ्यावर चिडला तर भाऊबीजेला फोन कोणाला करील?" मला ते सोयीचं होतं, म्हणून मी पटवून घेतलं. त्यानंतर दादा मुंबईला आला तरी आमच्या ऑफिसचा जिना चढला नाही. साहेब मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारू लागले, "कशासाठी जायचंय?" कुणी आजारी आहे म्हटलं की ते वर्ग बघत नसत, मिळेल ती सीट घेत.

ते गेल्यावर दोन दिवसांनी मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते होते तेव्हा का नाही बोललीस?" आणि फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात दादा आला आणि आम्ही दोघं डिलाईल रोडला गेलो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली साहेबांचा फोटो, समोर मेणबत्ती. वहिनींना आमच्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दादाला म्हणाल्या, "तुम्हीच अनंता ना? तुम्ही यायचे असलात की हे मोबाइलवर तुमचं विमान बघत बसायचे. उतरलं की मगच जेवायचे. मी म्हणायची, अहो, एवढा कोण लागतो तुमचा?"

दादाने वाकून वहिनींना नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेतला राग सात वर्षं साहेबांनी माझ्याऐवजी झेलला होता. मी मान खाली घातली नाही.