तलावाकाठच्या बाडीचं कुंपण

नवेगाव बांध या गावी सुशिलाबाईची भाजीची बाडी अगदी तलावाकाठी होती. उन्हाळ्यात पाण्यावरून सुटलेला वारा थेट तिच्या वांग्या-मिरच्यांवर आदळायचा. एकुलती एक पोर आचल तापानं गेली, त्या वर्षी बाडीकडे कोणी फिरकलंच नाही. पुढच्या साली नवऱ्यानं, गुलाबचंदनं, तलावाच्या बाजूला टिनाचे पत्रे ठोकले.

पहिल्याच वाऱ्यात पत्रे घुमायला लागले. आधी नुसती घरघर. मग वारा चढला आणि त्यातून लांबवलेली हाक आली, "माऽऽय..."

सुशिलाबाईच्या हातातलं खुरपं गळालं. तेव्हापासून वारा सुटला की ती काम टाकून पत्र्याला कान लावून बसे. तापलेल्या पत्र्यानं कान भाजे, तरी हलत नसे. नवऱ्याला सांगितलं नाही. वेडी म्हणेल, ही भीती.

झाडं मात्र मरतच राहिली. पत्र्यालगतची तेवढी उभी, मधल्या ओळी झोपलेल्या. अडलेला वारा वर चढून पलीकडे दुप्पट जोरानं कोसळत होता. गुलाबचंदच्या ते ध्यानात आलं आणि तो पत्रे उचकटायला लागला. ती धावत आली.

"कायले काढता? राहू द्या ना!"

"वारा वरून उडी मारून राहिला. फटी ठेवून बांबू लावतो. थोडा आत येऊ द्याव लागते."

"मरू द्या मिरच्या. पत्रे नोका काढू."

तो थांबला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "आचलची माय, मलेई आयकू येते. म्हणूनच काढून राहिलो. नाही सहन होत मले."

दोघं तिथंच मातीत बसली. पोर गेल्यापासून पहिल्यांदा एकमेकांसमोर रडली. मग तिनंच पत्र्याचं दुसरं टोक धरलं.

बांबूच्या कमच्यांमधून वारा दमून आत येऊ लागला. वांगी धरली, बाजारात गेली. सुशिलाबाईला मात्र काम करता करता कान टवकारायची सवय सुटेना. नुसती सळसळ यायची. बाकी काही नाही.

दोन उन्हाळ्यांनी खांबांना वाळवी लागली. नव्या खांबांच्या बुडाला तिनं स्वतः जळकं ऑइल फासलं. जुने उपटले तशी कुंपणात दाराएवढी वाट मोकळी झाली, आणि नेमका वारा सुटला. तिचा पदर उडवत, ओळींमधून घराकडे गेला.

"ये बाई," ती हळूच म्हणाली.

गुलाबचंद नवा खांब धरून खड्ड्यापाशी उभा होता. वारा पडेपर्यंत त्यानं खांब खड्ड्यात सोडला नाही.